दुग्धव्यवसायाची बाराखडी

शिक्षण झाले, नोकरीचे अर्ज टाकून झाले, आणि तरीही घरी बसण्याची पाळी आली की गावातील वडीलधारी मंडळी एक सल्ला हमखास देतात : "एखादी गाय घे आणि डेरीला दूध घाल." सल्ला चांगला आहे. या धंद्याला मोठी जमीन लागत नाही, माल रोज खपतो आणि दर दहा दिवसांनी हातात पैसा येतो. परंतु हा सल्ला अर्धाच आहे. कोणती गाय घ्यावी, तिला काय घालावे, आणि मुख्य म्हणजे ती भाकड असेल तेव्हा कर्जाचा हप्ता कोठून भरावा, हे त्यात सांगितलेले नसते.

हे न कळल्यामुळे बुडालेली कुटुंबे आम्ही जवळून पाहिली आहेत. कर्ज काढून बाजारातून गाय आणली जाते. पहिले चार महिने घरात आनंद असतो. मुलांची फी भरली जाते, किराणा दुकानातील उधारी फिटते. सहाव्या-सातव्या महिन्यात दूध उतरते. उन्हाळ्यात कडबा महागतो. गाय गाभण आहे की नाही हे कोणी तपासलेले नसते. शेवटी निम्म्या किमतीत गाय विकली जाते आणि कर्ज मात्र दाव्यासारखे गळ्यात राहते. मग घरातील माणसे म्हणतात, "दूध आमच्या नशिबातच नाही." आमचे म्हणणे असे की, यात नशिबाचा संबंध नाही. चुकला तो हिशेब. म्हणून सभासद बंधू-भगिनींसाठी आणि विद्यार्थ्यांसाठी या व्यवसायाची मूळ तत्त्वे येथे क्रमाने मांडीत आहोत.

१. दूध कसे तयार होते?

दुधात सुमारे ८७ टक्के पाणी असते. उरलेल्या भागात स्निग्धांश, प्रथिने, दुग्धशर्करा व क्षार असतात. हे सर्व घटक जनावराच्या रक्तातून कासेत येतात. एक लिटर दूध तयार होण्यासाठी कासेतून सुमारे ४०० ते ५०० लिटर रक्त फिरावे लागते. म्हणजे दहा लिटर दूध देणारी गाय दावणीला शांत उभी दिसली, तरी तिचे शरीर दिवसभर मोठे कष्ट करीत असते. त्या कष्टाला लागणारे अन्न व पाणी आपण दिले नाही, तर ती प्रथम स्वतःच्या अंगावरचे मांस झिजवते, नंतर दूध कमी करते आणि शेवटी माजावर येणेच थांबवते.

दुसरी गोष्ट अशी की, जनावर व्याल्याशिवाय दूध देत नाही. व्याल्यानंतर दूध वाढत जाते, सहा ते आठ आठवड्यांत सर्वांत वर पोहोचते आणि मग हळूहळू उतरू लागते. एका वेताचे दूध साधारणपणे ३०५ दिवसांचे धरतात. त्यानंतर पुढच्या वेतापर्यंत जनावर भाकड असते. या धंद्यातील नफा-तोट्याचे मूळ या भाकड दिवसांत आहे.

२. जनावराची निवड

महाराष्ट्रात प्रत्येक भागाची आपली जनावरे आहेत. खिल्लार ही मुख्यतः कामाच्या बैलांसाठी प्रसिद्ध. मराठवाड्यातील देवणी दूध व शेतकाम या दोन्हींसाठी उपयोगी. नांदेडकडील लाल कंधारी, विदर्भातील गवळाऊ आणि नाशिक-नगरच्या डोंगराळ, पावसाच्या मुलखात टिकणारी डांगी याही आपल्याच. म्हशींमध्ये पंढरपुरी, नागपुरी व मराठवाडी या जाती आहेत. लांब शिंगांची पंढरपुरी म्हैस आजूबाजूच्या गर्दीला बुजत नाही. कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर गिऱ्हाइकासमोर धार काढून दूध देण्याची प्रथा याच गुणावर उभी आहे. बाहेरून आलेल्यांत मुऱ्हा, मेहसाणा व जाफराबादी या म्हशी आणि गीर, साहिवाल या गायी आपल्याकडे दिसतात.

डेरीला जाणारे बरेचसे गायीचे दूध आज होलस्टीन फ्रिजियन किंवा जर्सी रक्ताच्या संकरित गायींचे असते. मणिभाई देसाई यांनी १९६७ साली उरुळी कांचन येथे 'बाएफ' ही संस्था स्थापन केली. संकरित पैदास खेड्यापाड्यांत पोहोचविण्यात तिचा वाटा मोठा आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने 'फुले त्रिवेणी' ही संकरित गाय विकसित केली. संकरित गाय दूध अधिक देते, पण ऊन, गोचीड आणि उपासमार तिला सोसत नाही. ज्याच्याकडे सावली, पाणी व हिरवा चारा नाही त्याने वीस लिटरच्या गायीच्या मागे लागू नये. तिच्यापेक्षा आठ-दहा लिटरची काटक गाय किंवा चांगली म्हैस त्याला परवडेल.

लोणी, घोडेगाव, सांगोला अशा मोठ्या बाजारांत खरेदीला जाताना पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

(अ) दुसऱ्या किंवा तिसऱ्या वेताचे, नुकतेच व्यालेले जनावर घ्यावे. वय दातांवरून तपासावे. विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नये.

(आ) सलग तीन वेळा आपल्यासमोर धार काढून पाहावी. बाजाराआधी एक वेळची धार चुकवून कास फुगवून आणण्याची युक्ती जुनी आहे. एकाच धारेवर विश्वास ठेवणारा तिला फसतो.

(इ) चारही सड दाबून पाहावेत. कासेत गाठ, सडातून पाण्यासारखे दूध किंवा गुठळी आढळली तर सौदा मोडावा. धार काढल्यावर चांगली कास मऊ होऊन चुरगळते.

(ई) कानातील १२ अंकी बिल्ला पाहावा आणि तो क्रमांक आपल्या नावावर करून घ्यावा. उपचार, लसीकरण व विमा या सर्वांना हा क्रमांक लागतो.

(उ) शक्य तर ओळखीच्या गोठ्यातून घ्यावे. तेथे जनावराची आईसुद्धा पाहता येते.

३. आधी चारा, मग जनावर

आमच्या मते हा नियम गोठ्याच्या दारावर लिहून ठेवावा. जनावर आणायच्या दोन-तीन महिने आधी चाऱ्याची सोय झाली पाहिजे. दहा-वीस गुंठे जागा, मग ती कसायला घेतलेली का असेना, मिळाली तर त्यात संकरित नेपियर, मका, कडवळ आणि थोडा लसूणघास लावावा. मका, कडवळ, नेपियर हा एकदल चारा पोट भरतो व शक्ती देतो. लसूणघास, बरसीम, चवळी या द्विदल चाऱ्यातून प्रथिने मिळतात. दोन्ही मिळून दिले तर पेंड कमी लागते.

जनावराला किती खायला घालावे? वजनाच्या अडीच ते तीन टक्के शुष्क पदार्थ, म्हणजे चाऱ्यातील पाणी वजा जाता उरणारा भाग, त्याच्या पोटात रोज गेला पाहिजे. ४०० किलो वजनाच्या, १२ लिटर दूध देणाऱ्या संकरित गायीचा हिशेब असा करता येईल :

हिरवा चारा २० किलो : त्यात शुष्क भाग सुमारे ४ किलो.
कडबा कुट्टी ४ किलो : त्यात सुमारे साडेतीन किलो.
पशुखाद्य ५.८ किलो : त्यात सुमारे सव्वापाच किलो.
एकूण सुमारे पावणेतेरा किलो.

पशुखाद्याचा नियम सोपा आहे. शरीरपोषणासाठी एक ते दीड किलो, आणि गायीच्या प्रत्येक अडीच लिटर दुधामागे आणखी एक किलो. म्हशीच्या दुधात स्निग्धांश जास्त असल्यामुळे तिला दर दोन लिटरमागे एक किलो द्यावे. वरील गायीला १२ लिटरसाठी ४.८ किलो व शरीरासाठी १ किलो असे ५.८ किलो धरले आहे. याशिवाय रोज सुमारे ५० ग्रॅम खनिज मिश्रण व ३० ग्रॅम मीठ द्यावे. खनिज मिश्रणावर खर्च होणारे चार पैसे वाचविणारा पुढे माज न येण्यात त्याच्या कितीतरी पट गमावतो.

पाणी हे सर्वांत स्वस्त खाद्य होय. प्रत्येक लिटर दुधामागे गायीला तीन-चार लिटर पाणी जास्त लागते. दिवसातून दोनदा बादली दाखविण्यापेक्षा चोवीस तास स्वच्छ पाणी समोर राहील अशी सोय केली तर, दुसरे काहीही न बदलता, दूध वाढल्याचे दिसते.

दोन सावधगिरीच्या सूचना. कोवळ्या ज्वारीच्या ताटांत विषारी द्रव्य असते, म्हणून ती फुलोऱ्यावर आल्याशिवाय जनावरांना घालू नये. पाण्याचा ताण पडलेल्या पोंग्यांपासून तर कटाक्षाने दूर ठेवावे. तसेच उसाचे वाढे सतत घातल्यास त्यातील ऑक्झलेटमुळे जनावराच्या अंगातील कॅल्शियम कमी होते. कारखान्याच्या हंगामात वाढे फुकट मिळत असले, तरी केवळ त्यांवर गाय जगवू नये.

उन्हाळ्यासाठी मुरघास हा उत्तम उपाय आहे. मका चिकात असताना कापून, कुट्टी करून, पिशवीत किंवा खड्ड्यात दाबून हवाबंद ठेवला की सुमारे दीड महिन्यात मुरघास तयार होतो. चार कुटुंबांनी मिळून एक कुट्टी यंत्र घेतले तर हे काम लहान माणसालाही जमते.

४. माजाचे दिवस

गाय सुमारे २८० दिवस आणि म्हैस सुमारे ३१० दिवस गाभण असते. गायीने दर बारा-तेरा महिन्यांनी आणि म्हशीने तेरा ते पंधरा महिन्यांनी व्यावे, असे ध्येय ठेवतात. २८० दिवस गाभणपणाचे वजा केले तर वर्षात उरतात फक्त ८५ दिवस. याचा अर्थ, गाय व्याल्यानंतर दोन ते तीन महिन्यांत पुन्हा गाभण राहिली पाहिजे.

माज दर २१ दिवसांनी येतो आणि गायीत तो साधारण १२ ते १८ तासच टिकतो. ती हंबरते, अस्वस्थ होते, खाणे व दूध कमी करते, दुसऱ्या गायीवर चढते किंवा दुसरी चढली तर शांत उभी राहते. योनीतून काचेसारखा पारदर्शक, चिकट सोट लोंबतो. म्हशीचा माज बहुधा मुका असतो. ती फारशी ओरडत नाही, आणि लक्षणे रात्री किंवा पहाटे दिसतात. म्हणून पहाटे, दुपारी आणि रात्री झोपण्यापूर्वी, असे तीनदा गोठ्यात जाऊन नीट पाहावे. सकाळी माज दिसला तर सायंकाळी आणि सायंकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी कृत्रिम रेतन करून घ्यावे.

रेतन झाले म्हणजे गाय गाभण राहिली असे नव्हे. एकविसाव्या दिवशी पुन्हा लक्ष ठेवावे आणि अडीच-तीन महिन्यांनी पशुवैद्यकाकडून गर्भतपासणी करून घ्यावी. दोन-तीन वेळा रेतन करूनही गाय उलटत असेल तर डॉक्टरांना दाखवावे. गाभण गायीला व्यायच्या दोन महिने आधी आटवावे. या ६० दिवसांत कासेला विश्रांती मिळते व पोटातील वासराची वाढ होते. लोभाने शेवटपर्यंत धार काढणाऱ्याला पुढचे वेत हलके मिळते.

५. हिशेब

आता पैशांकडे वळू. दर गावोगावी व दरवर्षी बदलतात, म्हणून खालील दर केवळ उदाहरणादाखल धरले आहेत. वाचकांनी तेथे आपल्या गावचे दर घालून गणित पुन्हा करावे.

समजा, गाय ३०५ दिवस सरासरी १२ लिटर दूध देते आणि दर ३० रुपये आहे. रोजची आवक ३६० रुपये. खर्च : पशुखाद्य ५.८ किलो, ३० रुपये दराने १७४ रुपये. हिरवा चारा २० किलो, ३ रुपये दराने ६० रुपये. कडबा ४ किलो, ८ रुपये दराने ३२ रुपये. खनिज मिश्रण व औषधे १२ रुपये. एकूण २७८ रुपये. रोजची शिल्लक ८२ रुपये. ३०५ दिवसांचे झाले २५,०१० रुपये.

भाकड काळात आवक शून्य. खर्च मात्र असतो : पशुखाद्य २ किलोचे ६० रुपये आणि चारा, कडबा व औषध यांचे १०४ रुपये, म्हणजे रोज १६४ रुपये. ६० दिवसांचे ९,८४० रुपये. ते वजा जाता वर्षाची शिल्लक राहते १५,१७० रुपये. घरच्या माणसांचे कष्ट व कर्जाचा हप्ता यात धरलेले नाहीत.

आता एक माज हुकला असे समजा. भाकड काळ २१ दिवसांनी लांबला. २१ गुणिले १६४ म्हणजे ३,४४४ रुपये गेले. चार माज हुकले तर १३,७७६ रुपये गेले, आणि सबंध वेताच्या मेहनतीतून हातात उरले अवघे १,३९४ रुपये! गाय तीच, दूध तेवढेच, दरही तोच. केवळ चार वेळा गोठ्यात लक्ष दिले नाही म्हणून धंदा बुडाला. आरंभी वर्णन केलेल्या कुटुंबाचे नेमके हेच झाले होते.

याच गणितातून आणखी तीन धडे मिळतात.

पहिला, हिरवा चारा विकत न घेता निम्म्या खर्चात घरी पिकविला तर रोजचे ३० रुपये, म्हणजे वर्षाचे १०,९५० रुपये वाचतात.

दुसरा, सर्व चारा विकत घेऊन ८ लिटरची गाय सांभाळली तर आवक २४० रुपये आणि खर्च २३० रुपये होतो. रोज दहा रुपयांसाठी घरातील दोन माणसे राबतात. तेव्हा कमी दुधाची गाय घरचा चारा असेल तरच ठेवावी.

तिसरा व सर्वांत महत्त्वाचा, एकाच जनावरावर कर्जाचा हप्ता टांगू नये. दोन जनावरे घ्यावीत, पण एकाच दिवशी नव्हे. पहिले घेतल्यावर पाच-सहा महिन्यांनी दुसरे ताजे व्यालेले आणावे. एक भाकड होईल तेव्हा दुसरे दुधात असेल आणि हप्ता थांबणार नाही. आपल्या राज्यात अनुसूचित जाती व नवबौद्ध लाभार्थ्यांसाठी अनुदानावर दुधाळ जनावरांच्या गटवाटपाच्या योजना आहेत. त्यांच्या अटी वेळोवेळी बदलतात, म्हणून पंचायत समितीच्या पशुसंवर्धन विभागात स्वतः जाऊन चौकशी करावी. मध्यस्थाच्या हाती कागद देऊ नयेत. आणि जनावराचा विमा उतरविल्याशिवाय ते घरी आणू नये.

६. वासरू म्हणजे उद्याची गाय

वासरू जन्मल्यावर नाका-तोंडातील चिकटा पुसावा, नाळ कापून आयोडीन लावावे आणि पहिल्या तासाभरात चीक पाजावा. वासराच्या वजनाच्या एक दशांश इतका चीक दिवसभरात दोन-तीन वेळा विभागून द्यावा. रोगप्रतिकारशक्ती वासराला या चिकातूनच मिळते, आणि ती शोषून घेण्याची आतड्याची क्षमता पहिल्या दिवसानंतर संपत जाते. वार पडायची वाट पाहत चीक न पाजणे ही जुनी चूक अजूनही अनेक घरांत होते. चिकाचा खरवस आवडीचा खरा, पण पहिला हक्क वासराचा.

दहा-पंधरा दिवसांच्या वयात जंताचे औषध द्यावे. रेडकांना तर ते विसरूच नये. कालवडीला नीट वाढविले, तर ती अडीच वर्षांच्या सुमारास पहिल्यांदा विते. पाच-सहा वर्षांत अशा घरच्या दोन कालवडी गोठ्यात उभ्या राहिल्या की बाजारात जाऊन फसण्याचे कारण उरत नाही. आता बहुतांशी मादी वासरेच जन्मतील अशा लिंगनिर्धारित रेतमात्राही मिळतात. राज्यात २०१५ पासून बैल व वळू यांच्याही कत्तलीस बंदी असल्याने संकरित गोऱ्ह्याला फारशी किंमत येत नाही. तेव्हा हा खर्च विचार करण्याजोगा आहे.

७. धार आणि स्वच्छता

कास धुऊन पुसली, वासरू दिसले किंवा बादलीचा ओळखीचा आवाज आला की गाय पान्हा सोडते. ज्या संप्रेरकामुळे हे घडते त्याचा परिणाम पाच ते सात मिनिटेच टिकतो. म्हणून धार शांतपणे पण सलग काढून तेवढ्या वेळात संपवावी. मारहाण, आरडाओरड झाली तर पान्हा चोरला जातो. अंगठा मुडपून धार काढल्याने सडांना इजा होते, म्हणून पूर्ण मुठीने काढावी. शेवटच्या धारेत स्निग्धांश सर्वांत जास्त असतो. ती कासेत सोडणे म्हणजे डेरीतील दर सोडणे होय. पान्हा यावा म्हणून ऑक्सिटोसिनची सुई मारणे मात्र बेकायदेशीर आणि जनावरास घातक आहे.

पहिल्या दोन धारा वेगळ्या भांड्यात काळ्या कापडावर काढून पाहाव्यात. गुठळ्या दिसल्या तर ती दगडीची, म्हणजे कासदाहाची सुरुवात समजावी व त्याच दिवशी उपचार करावेत. धारेनंतर सड जंतुनाशकात बुडवावेत आणि लगेच चारा टाकावा, म्हणजे जनावर अर्धा तास उभे राहील. तेवढ्या वेळात सडाची उघडी तोंडे मिटतात. प्रतिजैविकाचे इंजेक्शन दिले असेल तर डॉक्टर सांगतील तितके दिवस ते दूध डेरीला घालू नये. ते कोणाच्या तरी लेकराच्या पोटात जाणार आहे.

गोठा पक्का व महाग असलाच पाहिजे असे नाही. मुक्तसंचार गोठ्यात एका मोठ्या गायीला सुमारे ४० चौरस फूट छपराखालील व ८० चौरस फूट मोकळी जागा पुरते. कोरडी जमीन, सावली आणि पाण्याचा हौद असला की झाले.

८. रोगांपासून बचाव

लाळ्या खुरकूत रोगाची लस दर सहा महिन्यांनी आणि घटसर्प व फऱ्याची लस पावसाळ्यापूर्वी द्यावी. सांसर्गिक गर्भपाताची लस चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना आयुष्यात एकदाच देतात. लम्पी चर्मरोग भारतात प्रथम २०१९ साली ओडिशात आढळला आणि २०२२ मध्ये त्याने आपल्या राज्यातील अनेक गोठे रिकामे केले. माश्या, डास, गोचीड यांचा नायनाट व वेळेवर लसीकरण हेच त्यावर उत्तर आहे. व्याल्यानंतर एक-दोन दिवसांत गाय थंड पडून, मान पोटाशी वळवून बसली तर तो दुग्धज्वर असतो. कॅल्शियमच्या उपचाराने अशी गाय तासाभरात उठू शकते, पण उशीर झाला तर मरते. ही 'बाहेरची बाधा' नव्हे. अंगारा-धुपाऱ्यात वेळ घालवू नये. १९६२ हा पशुवैद्यकीय सेवेचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक घरातील प्रत्येकाला पाठ असावा.

९. दूध कोठे घालावे?

१९४६ साली, तत्कालीन मुंबई प्रांतातील खेडा जिल्ह्याच्या शेतकऱ्यांनी दूध व्यापाऱ्याला न देण्याचा निर्धार केला आणि १४ डिसेंबर १९४६ रोजी आपला सहकारी संघ नोंदविला. त्रिभुवनदास पटेल त्याचे अध्यक्ष होते. १९४९ मध्ये डॉ. वर्गीस कुरियन आणंदला आले. पुढे तोच संघ 'अमूल' या नावाने जगाला माहीत झाला. १९७० ते १९९६ या काळातील 'दूध महापूर' योजनेने ही रीत देशभर नेली. श्याम बेनेगल यांचा 'मंथन' हा १९७६ चा चित्रपट पाच लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन निर्माण केला. गावातील दलित वस्ती दूध संस्थेत आपला हक्क कसा मागते, हा त्याच्या कथेचा गाभा आहे. आपल्याकडे कोल्हापूरचा 'गोकुळ' संघ १९६३ साली स्थापन झाला.

सहकारी संस्थेचा खरा अर्थ ओळीत उभे राहण्यात आहे. जो आधी आला त्याचे दूध आधी मोजायचे, आणि सर्वांचे दूध एकाच कॅनमध्ये ओतायचे. त्या कॅनमध्ये कोणाचे दूध कोणते, हे कोणालाही वेगळे काढता येत नाही. म्हणून आपण केवळ दूध घालून परत येऊ नये. भाग घेऊन सभासद व्हावे, वार्षिक सभेला जावे, प्रश्न विचारावेत.

दुधाचा दर स्निग्धांश व इतर घनघटक, म्हणजे फॅट व एसएनएफ यांवर ठरतो. आपल्याकडे गायीच्या दुधाचा मूळ दर बहुधा ३.५ फॅट व ८.५ एसएनएफला धरतात आणि त्याखाली गेल्यास कपात होते. तेव्हा मोजणी डोळ्यांसमोर करून घ्यावी, रोजची पावती जपावी व दहा दिवसांच्या पगाराशी ताडून पाहावी. आणखी एक विनंती. पहाटे उठून शेण काढणारी, वैरण आणणारी आणि धार काढणारी बहुधा घरातील स्त्री असते. मग संस्थेचे सभासदत्व व बँकेचे खातेही तिच्याच नावाने का असू नये?

समारोप

या साऱ्याचे सार दोन रुपयांच्या पेन्सिलीत व एका शंभर पानी वहीत आहे. वहीत प्रत्येक जनावरासाठी एक पान राखावे. व्यायल्याची तारीख, माजाची तारीख, रेतनाची तारीख, गर्भतपासणी, लसीकरण, रोजचे दूध आणि रोजचा खर्च त्यावर लिहावा. ज्या आईला लिहिता येत नाही तिच्या घरी शाळेत जाणारे मूल असतेच. सायंकाळी आईने सांगावे आणि मुलाने लिहावे. शिक्षणाचा गोठ्याला याहून मोठा उपयोग कोणता? एकविसाव्या दिवसावर आज खूण केली, तर पुढच्या वर्षीचा हप्ता आजच अर्धा फिटला असे समजावे.

विद्यार्थ्यांसाठी स्वाध्याय

१. एक गाय १ जून रोजी व्याली. ती वर्षाने पुन्हा व्यावी असे वाटत असेल तर कोणत्या तारखेपर्यंत गाभण राहिली पाहिजे?
२. १० लिटर दूध देणाऱ्या गायीला व तितकेच दूध देणाऱ्या म्हशीला रोज किती पशुखाद्य लागेल?
३. आपल्या गावातील दुधाचे व पेंडीचे आजचे दर घेऊन पाचव्या विभागातील हिशेब पुन्हा मांडा.
४. आपल्या वस्तीतील कोणत्याही एका गोठ्यास भेट द्या, तेथील जनावराच्या शेवटच्या माजाची तारीख विचारा आणि पुढच्या माजाची तारीख काढून त्या घरी लिहून द्या.